चौदा महिने

नव्या शस्त्रक्रिया-यंत्राच्या प्रशिक्षणाची यादी लागली आणि तीत कुमुदिनी तायडेचं नाव नव्हतं. सतरा वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळणारी ही परिचारिका तडक प्रशिक्षण अधिकारी देशकरांच्या खोलीत शिरली.

"सर, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी यादीत आहेत. मग मीच का नाही?"

देशकरांनी नजर चुकवली. "यादी संगणक काढतो, सिस्टर. रोज हजेरीला आपला श्वास तपासतात ना, त्यावरून कोण अजून किती काळ जगेल ते त्याला कळतं. तो पाच वर्षांहून कमी असेल, तर त्या माणसाला शिकवायचं नाही, असा नियम आहे."

"अहो, मी एक्केचाळीस वर्षांची आहे!"

तिने टेबलावरच्या संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'चौदा महिने'.

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"हे मला कधी सांगणार होता?"

"सांगायची परवानगी नाही."

मग तिने विचारलं, "प्रशिक्षण किती दिवसांचं आहे?"

"दोन महिन्यांचं."

"म्हणजे वर्षभर मला ते काम करता येईल. लिहा माझं नाव."

देशकरांनी पेन उचललं. छापील यादीच्या तळाशी त्यांनी तिचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं.