निरीक्षकांचा शेरा

नागेंद्र शिक्षण कार्यालयाचा इतिहास लिहीत होते. त्यांना मराठी बोलता येई, पण जुनं मराठी हस्ताक्षर वाचता येत नसे. म्हणून निवृत्त शिक्षिका सरोजिनीबाई रोज येऊन दप्तर वाचून दाखवत. आज शाळा-तपासणीची १९८५ सालची वही निघाली.

"'नवीन शिक्षिका तासभर उशिरा आल्या. ओढ्यास पाणी असल्याने सात मुलांना एकेक करून खांद्यावरून अलीकडे आणीत होत्या. यांना नोकरीत कायम करावे.'"

बाई थांबल्या.

"नाव वाचा की, आक्का."

"माझंच आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "साहेब त्या दिवशी लई रागावलते. मला आजवर वाटायचं, मामांच्या वशिल्यानं मी कायम झाले."