पोस्टातल्या कारकुनाचं हसू

"कशाला एवढे हसत होते हो हे?"

चित्रासमोर उभ्या असलेल्या बाईंनी चित्रकाराला सरळच विचारलं. शेजारी त्यांचा नवरा, पोस्टातला कारकून, मान खाली घालून उभा होता. चित्रात मात्र हाच गडी खिडकीमागे मान मागे टाकून, पार दाढा दिसेपर्यंत हसत होता आणि समोरची रांग त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होती. प्रदर्शनाला आलेले लोक सकाळपासून याच चित्रापाशी थांबून पोट धरून हसत होते.

"आवडलं ना?" चित्रकार खुशीत म्हणाला.

"आवडलं? अहो, आख्खा संसार झाला माझा यांच्याबरोबर. घरी तोंडाला कायम कुलूप. आणि इथे बघा, बत्तिशी! कोण असतं हो तिथे यांना हसवायला?"

"अगं, कोणी नसतं," कारकून पुटपुटला. "मी हसलोच नव्हतो. देवाशप्पथ!"

"मग हे चित्र काय खोटं बोलतंय?" बाईंचे डोळे भरून आले.

चित्रकाराला काही कळेना. पोट मोठं काढलं, टक्कल दाखवलं म्हणून भांडायला येणारी माणसं त्याने पाहिली होती. पण हसरं काढलं म्हणून? त्यात कारकून इतक्या केविलवाण्या नजरेने बघत होता की त्याला उगाचच अपराधी वाटायला लागलं. आपल्यापायी कुणाच्या घरात भांडण नको, म्हणून त्याने स्वतःचं गुपित फोडलं.

"ताई, ते हसू यांचं नाहीच. मी असंच करतो. एकाचं पोट घेतो, दुसऱ्याचं नाक. सगळी रांग चिडलेली, म्हणून खिडकीत एक हसरा माणूस हवा होता. हे हसू कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याचं. हे बिचारे आपले मुकाट्याने शिक्के मारत होते. रोज बघायचो ना मी."

"बघ! सांगत होतो की नाही?" कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

चित्रकारालाही हायसं वाटलं. बाईंचा राग तर कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि त्याची बाही घट्ट धरली.

"म्हणजे बाहेरसुद्धा नाही?"