बर्फातला जॅक

ऑरिननं पुन्हा घाव घातला. जॅकची खीळ तसूभर हलली नाही, पण पायाखाली बर्फात कुठेतरी कडाड आवाज झाला आणि तो आवाज गोठलेल्या तळ्याच्या पार त्या काठापर्यंत धावत गेला.

“हे तुझ्या घावानं झालं,” त्याची बायको मार्लिस म्हणाली.

“बर्फ बोलतो. बोलू दे. गप्प झाला की घाबरायचं.”

“जानेवारीत म्हणतोस तेव्हा मी ऐकून घेते. आता मार्च संपत आलाय.”

तळ्यावर आता त्यांचं एकच घर उरलं होतं. थंडीभर इथं अख्खी वस्ती असते; चाकांवरची घरं, फरशीला भोकं, भोकांतून बर्फाखाली सोडलेले गळ. बाकीच्यांनी आपापली घरं केव्हाच ओढून नेली. ऑरिनचं राहिलं ते जॅकमुळे. चाकांवरच्या घराचं नाक, म्हणजे ट्रकला जोडायचं पुढचं टोक, या जॅकवर टेकलेलं असतं. हँडल फिरवलं की नाक वर येतं आणि ट्रकच्या हुकावर बसतं. जॅकच्या पायाखाली फळी घालायची असते. ती या वर्षी घालायची राहिली आणि पाय बर्फात गोठून बसला. मग ऑरिननं हँडलवर सगळं अंग टाकलं. आतले दाते गेले, नळी वाकली. शहाण्या माणसानं तिथंच हात जोडले असते. ऑरिननं नवा जॅक आणला.

पण जुना निघाल्याशिवाय नवा बसणार कुठे? पहारीनं त्यानं पायाभोवतीचा बर्फ फोडला, तशी खालून काळं पाणी वर आलं. नाक तोलून धरायला त्यानं ट्रकमधला छोटा जॅक फळीवर ठेवला होता. त्या फळीखालीही आता ओल दिसत होती.

“तू काठावर जा, ट्रकमध्ये बस,” तो पोटावर आडवा होत म्हणाला. “नाक वर आलं की हात करतो. हात केला की सरळ ये. काचा खाली, पट्टा नको.”

काचा खाली, पट्टा नको. म्हणजे ट्रक पाण्यात गेलाच तर बाहेर पडता यावं. इथली माणसं हे ‘दार लावून घे’ म्हणावं इतक्या सहज म्हणतात.

“ट्रकचं वजन ठाऊक आहे ना तुला?”

“गेल्या रविवारी पेललं की.”

“गेल्या रविवारी काठाशी पाणी नव्हतं. आत्ता मी फळ्या टाकून आले.”

“पाच मिनिटांचं काम आहे. हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय, मार्लिस. तळ्याला नाही देणार.”

“आणि मला?”

हातोडा पुन्हा सुरू झाला होता. त्याला ऐकू गेलं नाही, की गेलं, देव जाणे. मार्लिस थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग ती वळून चालू लागली.

बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, बोटं लाकूड झाली, तरी ऑरिन घाव घालत राहिला. मधेच बर्फ पुन्हा कडाडला, या वेळी अगदी जवळ. त्यानं मान वर केली नाही. आणि अचानक खीळ सुटली, उडाली आणि बर्फावर घरंगळत गेली. जुना जॅक त्यानं उपटून बाजूला फेकला. नवा बसवला, खीळ ठोकली, पायाखाली फळी सारली. हँडल लोण्यासारखं फिरलं. नाक हळूहळू वर आलं.

ऑरिन एकटाच मोठ्यानं हसला. उभं राहून त्यानं काठाकडे हात केला.

ट्रक हलला नाही.

त्यानं दोन्ही हात हलवले. “ये की! झोपलीस काय?”

ट्रक तसाच. वाऱ्याबरोबर मागून जळत्या लाकडाचा वास आला. त्यानं वळून पाहिलं. त्याच्याच घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

त्यानं दार उघडलं. मार्लिस आत बाकावर बसली होती. तिनं शेगडी पेटवून वर कॉफी ठेवली होती.

“हात कुणाला करत होतास?”

“तू इथं काय करतेस? ट्रक कोण आणणार?”

“तू आण. किल्ली गाडीतच आहे. मी बसते इथं, घर सांभाळत.”

“वेड लागलंय का तुला? एवढा ट्रक या बर्फावर आला आणि तू इथं आत...”

तो तिथंच थांबला.

“हं,” मार्लिस कप पुसत म्हणाली. “पुढं बोल.”

ऑरिनच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. फरशीच्या भोकातून वर आलेलं पाणी तिच्या बुटांना लागलं होतं आणि तिनं पाय हलवले नव्हते. त्याला इतकं घाबरलेलं तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

“विस्तव विझव,” तो अखेर म्हणाला. “चालत जाऊ.”

घर मागं राहिलं, नाक वर करून, काठाकडे तोंड करून.

बर्फ खराब असला की दोघांनी लांबलांब चालायचं, मधे दोर ठेवायचा. दोर नुसता मुठीत धरायचा, बांधायचा नाही. एक पाण्यात गेला तर दुसऱ्याला दोर सोडून देता यावा. तळ्यावरच्या कितीतरी पोरांना हे ऑरिननंच शिकवलं होतं.

मार्लिस पुढे होती. हातातल्या दोराला हिसका बसला म्हणून तिनं वळून पाहिलं. ऑरिननं दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला होता आणि दातांनी गाठ आवळत होता.