जुना अलार्म

"मावशी, शिवमभाऊंनी पुण्याहून आगीचा नवा अलार्म पाठवलाय," स्टुलावर चढत महेबूब म्हणाला. "जुना रोज संध्याकाळी मिरचीच्या धुरानं बोंबलतो. तिकडं त्यांच्या मोबाईलवर बी वाजतो म्हणं. हातातलं काम टाकून तुम्हाला फोन करावा लागतो त्यांना."

"हाव, लगेच करतो," खालून स्टूल धरून साखराबाई म्हणाल्या. "आई, काय झालं, म्हणतो. मी म्हणते, काही न्हाई रे, मिरच्या भाजून राहिले. मग तू जेवलास का, विचारते."

"आता तो ताप मिटला," नवा बसवून खाली उतरत महेबूब म्हणाला. " हा गॅसपासून लांब, दाराजवळ बसवलाय. मिरच्यांच्या धुराला दाद देणार न्हाई. खरी आग लागली तरच वाजंल. बेफिकीर राहा."

साखराबाईंनी काढून ठेवलेला जुना अलार्म उचलून पदरानं पुसला.

"ह्यो बी राहू दे की इथंच, गॅसवर."

"दोन-दोन कशाला? काढून टाक म्हणलेत भाऊ." महेबूबनं तो त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत टाकला. निघताना दारात थांबून तो हसला. "मावशी, मजुरी भाऊंनी दिली. तुम्ही थोडा ठेचा द्या. मुखेडात रोज मिरच्या भाजणारं घर हे एकच राहिलंय."

साखराबाई आत गेल्या. बराच वेळ डबे हलल्याचा आवाज आला. मग त्या रिकाम्या हातानं बाहेर आल्या.

"ठेचा न्हाई रे बाबा घरात. डॉक्टरनं तिखट बंद करून दोन वर्षं झाली मला."