दक्रूरच्या वाळूतला निवाडा

शेख हम्मूदने फावड्याने शेवटची वाळू ओढली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण मश्री आणि बक्रीन यांना एकाच रांगेत पुरलं आहे.

ऑगस्टमधली भर दुपार होती. दक्रूरच्या डोंगराखाली वाळूवर पाय ठेववत नव्हता. सांधे धरलेली माणसं वाळवंट तुडवत इजिप्तच्या सिवा मरूद्यानात येतात ती या वाळूसाठीच. उघड्या अंगाने आडवं होऊन गळ्यापर्यंत पुरून घ्यायचं, घाम निघाला की तंबूत जाऊन घोंगडी पांघरायची आणि मेथीचा काढा प्यायचा. शेख रोज मश्रीला आधी पुरायचा. तो तंबूत गेला की मगच बक्रीनला बोलवायचा. आज गर्दीत विसरला. दोघांच्या मधल्या खड्ड्यात अलेक्झांड्रियाहून आलेले निवृत्त न्यायाधीश रिफअत साहेब होते, एवढंच काय ते बरं. वाळूवर ओळीने तीन डोकी, आणि प्रत्येकावर सावलीला एकेक फडकं.

"याला बाहेर काढ," मश्री म्हणाला.

बक्रीननेही नेमकं तेच सांगितलं. शेखने दोघांना समजावलं, की अर्धवट घामात वारा लागला तर गुडघे कायमचे जातील, तेव्हा पाव तास कुणी हलायचं नाही. एवढं बोलून तो लांब जाऊन पुढचा खड्डा खणू लागला.

थोड्या वेळाने बक्रीन न्यायाधीशांना म्हणाला, की पलीकडच्या माणसाला सांगा, त्याच्या श्वासाने मला उकडतंय. साहेबांनी मान वळवून सांगितलं. मश्रीने उत्तर दिलं, तेही त्यांनी दुसरीकडे मान वळवून पोचवलं. दोघांनाही एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. असे आठ-दहा निरोप गेल्यावर साहेबांची मान दुखू लागली आणि त्यांनी विचारलं, की भांडण आहे तरी कशाचं.

भांडण खजुराच्या एका झाडाचं होतं. झाड बक्रीनच्या बागेतलं. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात ते भिंतीवर कललं आणि त्याचा शेंडा मश्रीच्या बागेत गेला. बुंधा माझा म्हणून खजूर माझा, हे बक्रीनचं म्हणणं. माझ्या डोक्यावर लोंबतो तो माझा, हे मश्रीचं. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला सगळं गाव याच डोंगरावर जमतं, एका परातीत जेवतं आणि वर्षभराची भांडणं मिटवतं. हे दोघे तेवढे पोटभर जेवायचे आणि भांडण घेऊन घरी जायचे.

"मग अकरा वर्षं तो खजूर खातं कोण?" साहेबांनी विचारलं.

घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

"पाखरं," शेवटी मश्री म्हणाला. "मी त्याला चढू देत नाही, तो मला चढू देत नाही."

"आणि नातं काय तुमचं?"

"माझ्या बायकोचा भाऊ तो."

मश्रीच्या बायकोचं, नफीसाचं माहेर भिंतीपलीकडे होतं, चाळीस पावलांवर. अकरा वर्षांत तिने भावाला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. बक्रीननेच समोरच्या डोंगराकडे पाहत विचारलं,

"कशी आहे ती?"

निरोप पोचवायला साहेबांनी मान वळवली, पण मश्रीने थेट उत्तर दिलं.

"तिचेही गुडघे धरलेत. तुमच्या घराण्याचे गुडघे. सकाळी दाराची चौकट धरून उठते."

बक्रीनची हनुवटी हलली आणि थोडी वाळू घसरून त्याच्या ओठांवर आली. ती थुंकून तो म्हणाला, की साहेब, आता तुम्हीच काय तो निकाल द्या.

रिफअत साहेबांनी घसा खाकरला. नोकरीभर त्यांच्या प्रत्येक निकालावर कुणी ना कुणी अपील केलं होतं. त्यांनी सांगितलं, की खजूर निम्मा-निम्मा, आणि उतरवायला माणूस लावा, कारण आता तुम्हा दोघांपैकी कुणालाच चढवणार नाही. दोघेही कबूल म्हणाले. साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

पण हातात हात दिल्याशिवाय सिवात समेट होत नाही. आणि शेखने लांबूनच बजावलं, की हात वाळूबाहेर दिसला तर आजची सगळी तापणी फुकट.

"मी वाळूखालून घालतो हात," मश्री म्हणाला. "साहेबांच्या पोटावरून. तूही घाल."

दोन्हीकडून वाळू फुगत फुगत साहेबांच्या पोटाकडे सरकू लागली. दोघांनी दात आवळले होते, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. वाळू सरकायची थांबली. पुन्हा बोटभर सरकली. मग मश्रीचा चेहरा एकदम सैल पडला.

"सापडला."

"सापडला," बक्रीनही म्हणाला. दोघांनी बराच वेळ हात सोडला नाही.

"किती मऊ झालाय रे तुझा हात," मश्री म्हणाला. "बागेत जातोस की नाही?"

"तुझाच मऊ झालाय," बक्रीन म्हणाला आणि रडू लागला.

मधल्या खड्ड्यात रिफअत साहेब श्वास रोखून, डोळे मिटून पडले होते. दोघांचे हात एकमेकांना वीतभर कमी पडलेले त्यांना पोटावर कळले, तेव्हा त्यांनी आपला एक हात इकडे आणि एक तिकडे देऊन टाकला होता.