शिशाच्या चकत्या

शिंपीमास्तरांनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. शिशाच्या चकत्या खडखडत पसरल्या. कोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या, पण जड.

"पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या दुमडीत घालतो आम्ही या," मास्तर म्हणाले. "हिच्या कोटात निघाल्या."

डॉक्टरबाईंना काही कळेना. समोर सतरा नंबरची फाइल उघडीच होती. सतरा नंबर म्हणजे मास्तरांची बायको, चार महिन्यांपूर्वी गेलेली. घशाच्या कॅन्सरवर तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांत रेडिएशन द्यायचं, याच एका चाचणीत बाईंच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली होती. नव्या डोसच्या गटात सतरा नंबर धरून सहा पेशंट होते. सहातल्या एकालाच गिळणं अवघड झालं होतं. आणखी एकालाही तसं झालं असतं, तर हा डोस जास्त ठरला असता. तसं कोणी नव्हतं, म्हणून आज चार वाजता बैठकीत डोस आणखी वाढवायचं ठरणार होतं.

"मेव्हणीला द्यायचा म्हणून कोट आखूड करायला घेतला," मास्तर म्हणाले. "टाका माझा नाही, हिचा आहे. इतकी वर्षं शिकवलं, तरी ढगळच घालायची."

"पण कोटात कशाला?"

"दर सोमवारी वजन करायचात ना तुम्ही?"

बाईंना तो सोमवार आठवला. नर्स म्हणाली होती, कोट काढा. सतरा नंबर म्हणाली, थंडी वाजते. आणि बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "राहू दे गं."

त्यांनी फाइलमधली पेशंटची डायरी चाळली. रोजच्या रकान्यात एकच उत्तर होतं. त्रास नाही. त्रास नाही.

"जेवण जात होतं ना त्यांना?"

"कसलं जेवण! पाण्याचा घोट घेताना टेबलाची कड धरायची. मला म्हणाली, बाईंना सांगितलंत तर बघा, चाचणीतून काढून टाकतील मला. हिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? गप्प बसलो."

"मास्तर, कोणी काढलं नसतं. नळीतून अन्न दिलं असतं."

मास्तरांनी एक चकती उचलली. "त्यानेच गेली का ती?"

"नाही. आजार फुप्फुसात पोचला होता. ते यामुळे झालं नाही."

बाईंनी चकत्या पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवल्या. पावणेदोन किलो. फाइलमधल्या शेवटच्या सोमवारच्या वजनावर, जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारली. शेजारी खरा आकडा, कारण, सही, तारीख.

"म्हणजे हिचं सगळं फुकट गेलं?"

"तुम्ही आला नसतात तर गेलं असतं. आता त्रास झालेले सहांत दोघं झाले, डोस वाढणार नाही. आधीच्या, कमी डोसवर परत जायचं."

"मग दिवस वाढतील?"

"नाही. पंधराच."

"बरं झालं." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हिला तेवढंच हवं होतं. महिनाभर खेपा घालायला लागू नयेत कोणाला."

दोघं बाहेर आले. रेडिएशन चालू असलेल्या एक काकू वजनकाट्यापाशी उभ्या होत्या, अंगात लांब कोट. नर्स म्हणत होती, "काढा ना काकू."

"थंडी वाजते गं."

मास्तर कोणी न सांगताच वाकले. कोटाची दुमड बोटांत धरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"काही नाही आत," ते बाईंना म्हणाले. "शिवण मात्र चांगली आहे."

"अहो, काय हे!" काकू हसल्या. कोट काढून त्यांनी मास्तरांच्याच हातात दिला.

बाईंनी विचारलं, "गिळताना त्रास होतो?"

काकूंनी आधी बाईंचा चेहरा पाहिला. "नाही हो." मग जरा थांबून म्हणाल्या, "थोडा."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"थोडा म्हणजे किती?"