रुपयावरचे कुंकू

धनत्रयोदशीच्या दुपारी, केनवडच्या घराच्या ओसरीवर, हरीओम पूजेतले चांदीचे रुपये उजळत बसला होता. परातीत फॉइल अंथरून त्याने खायचा सोडा, मीठ आणि उकळते पाणी घातले होते. काळवंडलेली नाणी हळूहळू पांढरी होत होती.

त्याची आई, प्रयागबाई, भिंतीला टेकून पाहत होती. मोठ्या दुखण्यातून ती नुकतीच उठली होती. या दिवाळीत ती आहे, हेच त्याला पुष्कळ होते.

"बायकोनं घासाले बसोलं वाटते!" ती हसली.

एका रुपयावर कुंकवाचा ओला डाग होता. पुसला की तो पुन्हा उमटे.

"आई, हा कुठला वं?"

"तुया बापाच्या कपाळाले लावला होता, तिरडीवर. चांदीचा म्हून मी काढून घेतला. त्याइच्यासंगं जाऊ द्याले पाह्यजे होता."

हरीओमने मूठभर सोड्याने तो रुपया जिवाच्या आकांताने घासला. अखेर डाग गेला. परातीतले पाणी मात्र नितळच राहिले. सुटकेचा निःश्वास सोडून त्याने मान वर केली.

आईच्या, वडील गेल्यापासून मोकळ्या असलेल्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू ओले चमकत होते.

"काहून रे, असा पाहून राह्यला?" आई म्हणाली. "कपाळाले लय गार लागून राह्यलं मले."